महापालिकेचा हिशेब आपण कधी मागणार?

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकांची अंदाजपत्रके मांडली जातात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘महिलांसाठी इतक्या कोटींची तरतूद’ अशी एक चौकट हमखास असते. आपण तो आकडा भाषणात वापरतो, निवेदनात लिहितो. माझे म्हणणे असे, की मैत्रिणींनो, या आकड्यावर आपण फार विसंबू नये. तरतूद म्हणजे खर्च नव्हे. आपण मागायचा तो खर्चाचा आकडा.

हा आकडा अंदाजपत्रकात छापलेला असतो, पण उशिरा. 2025-26 चे पुस्तक उघडले, तर कामापुढे साधारण असे रकाने दिसतील : 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि 2025-26 ची नवी तरतूद. म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेल्या रकमेचे पुढे काय झाले, ते फेब्रुवारी 2026 च्या पुस्तकात कळणार. तोवर कोणाच्या लक्षात राहते? मधल्या काळात सुधारित अंदाजात ती रक्कम निम्मी झाली, दुसऱ्या कामाकडे वळवली गेली, तरी त्याची चौकट कोणी छापत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

दुसरी अडचण लेखाशीर्षांची. महापालिका पैसा खात्यांप्रमाणे मांडते, माणसांप्रमाणे नाही. बायकांच्या मुतारीचेच उदाहरण घ्या. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ मोहिमेने हा प्रश्न लावून धरला. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ने याचिका केली आणि डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले. इतक्या झगड्यानंतर तरतूद होते. पण मुंबईचे अंदाजपत्रक अ, ब, ई, ग अशा भागांत विभागलेले आहे. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण ‘ग’मध्ये. बांधकाम एकीकडे, पाण्याची जोडणी दुसरीकडे, सफाई कामगाराचा पगार आणि विजेचे बिल आणखी तिसरीकडे. एका खात्याने पैसे खर्च केले आणि दुसऱ्याने केले नाहीत, की उभी राहते कुलूपबंद इमारत. कागदावर मात्र काम ‘पूर्ण’.

यातच भांडवली आणि महसुली खर्चाचा भेद येतो. नवे बांधणे हा भांडवली खर्च, बांधलेले चालवणे हा महसुली. मुंबईच्या 2025-26 च्या सुमारे 74 हजार 400 कोटींच्या अंदाजपत्रकात 43 हजार कोटींहून अधिक रक्कम भांडवली कामांसाठी दाखवली होती. रस्ते, पूल, बोगदे नकोत असे कोणी म्हणत नाही. पण बायकांचे रोजचे जगणे ज्यावर चालते, म्हणजे प्रसूतिगृहातली नर्स, गल्लीतला दिवा, नळाला येणारे पाणी, ते मुख्यतः महसुली खर्चातून चालते. तिथे फीत कापायला काही नसते, म्हणून काटकसरीची कात्री आधी तिथे चालते.

मग बायकांच्या वाट्याला काय, तर महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे 5 टक्के. शिलाई मशीन, घरघंटी, प्रशिक्षण वर्ग. ज्या बाईला मशीन मिळते तिला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण या 5 टक्क्यांनी आपली नजर बांधून टाकली आहे. उरलेले 95 टक्के कोणाचे? पाणी बायका भरतात, पोरे बायका पोहोचवतात, अंधाऱ्या बसथांब्यावर बायका उभ्या राहतात. सगळेच अंदाजपत्रक आपले आहे.

हिशेब लिहिण्याच्या पद्धतीत सुधारणा झाल्या, हे खरे. 2004 साली नगरपालिकांसाठी राष्ट्रीय लेखा नियमपुस्तिका आली आणि जुन्या रोख जमाखर्चाऐवजी दुहेरी नोंद पद्धत आणण्याचे धोरण ठरले. त्यामुळे थकलेली बिले, देणी, मालमत्ता पुस्तकात येतात. कर्ज देणाऱ्यांना याचा फायदा झाला. वस्तीतल्या बाईला मात्र आपल्या प्रभागात किती पैसे आले आणि किती खर्च झाले, हे अजूनही सहज वाचता येत नाही.

2011 पासून महाराष्ट्रात महापालिकांच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. तरीही मुंबईची 2023, 2024 आणि 2025 ची अंदाजपत्रके प्रशासकानेच मंजूर केली. सभागृहात प्रश्न विचारायला एकही नगरसेविका नव्हती. म्हणून नगरसेविकांवर सगळे सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

बचत गटात आपण काय करतो? आधी मागच्या महिन्याचा जमाखर्च मोठ्याने वाचतो, मग नव्या कर्जाचे बोलतो. ज्या बायका पाच-पाच रुपयांचा हिशेब चोख ठेवतात, त्यांना अंदाजपत्रक कळणार नाही हे मला पटत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या (2005) चौथ्या कलमानुसार तरतुदी आणि केलेला खर्च न मागता जाहीर करणे महापालिकेवर बंधनकारक आहे. तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या प्रभागातले एकच काम निवडावे आणि तीन प्रश्न लेखी विचारावेत : मूळ तरतूद किती होती? सुधारित अंदाजात किती उरली? आजपर्यंत प्रत्यक्ष किती खर्च झाली? अंदाजपत्रक मांडण्याआधी काही महिने खात्यांच्या मागण्या गोळा होतात. आपली निवेदने तेव्हा जायला हवीत, फेब्रुवारीनंतर नव्हे.

घरात बाईकडून किराण्याच्या पैचाही हिशेब मागितला जातो. हिशेब द्यायची सवय आपल्याला आहे. आता तो मागायची सवय लावून घेऊ या.