आठवडाभराचे शिबिर आणि आजीचे एक वाक्य

एप्रिल सरत आला की पनवेलच्या अनेक ख्रिस्ती घरांत चर्चमधून एक छापील कागद येतो. मे महिन्यातील मुलांच्या शिबिराची ती सूचना असते. शिबिराचे ठिकाण बहुधा घाटावरचे, लोणावळा-खंडाळ्याकडचे, नाहीतर कर्जत-नेरळच्या बाजूचे. कागदावर सामानाची यादी असते: चादर, टॉर्च, पवित्र शास्त्र, वही, पाण्याची बाटली. तळाशी पालकांच्या सहीसाठी रेघ. आईवडील सकाळच्या लोकलने मुंबई गाठतात. तेव्हा सही त्यांची असली, तरी कागद नीट वाचायचे आणि पिशवी भरायचे काम वाचकहो, तुमच्याकडे येते. नातू वा नात आठ-नऊ वर्षांची. घराबाहेर एकटे राहण्याची ही पहिलीच वेळ.

अशाच एका आजींनी मला मोठ्या विश्वासाने सांगितले, "मी त्याला म्हटलंय, करमलं नाही तर फोन कर, आजोबा लगेच गाडी घेऊन येतील." यादीतील एखादी वस्तू विसरली तर तिथे उसनी मिळते. हे वाक्य मात्र एकदा पिशवीत गेले की बाहेर काढता येत नाही. मायेपोटी उच्चारलेले असले, तरी मुलाला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात: एक, तुला हे जमेल असे आम्हाला वाटत नाही, दोन, बेचैनी वाटली की त्यावर उपाय एकच, घरी परतणे. मग पहिल्या रात्रीचा साधा हुंदकाही त्याला परतीचे कारण वाटू लागतो. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी 2007 साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी घराच्या ओढीवर एक अहवाल लिहिला. त्यातही 'आम्ही येऊन घेऊन जाऊ' असे आधीच कबूल करू नये, असे बजावले आहे. घराची आठवण येणे हा आजार नाही. घर सोडलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ती थोडीफार येते, आणि बहुतेकांची दोन-तीन दिवसांत निवळते.

त्याऐवजी काय म्हणावे? "पहिल्या रात्री घर आठवेल. सगळ्यांनाच आठवतं. मग शेजारच्या मुलाशी बोल, ताईला सांग, सकाळी खेळायला गेलास की हलकं वाटेल. आम्ही शनिवारी येतोय." परतीचा दिवस निश्चित सांगावा. घरातल्या दिनदर्शिकेवर त्याच्याच हाताने त्या दिवसाभोवती गोल करून घ्यावा, म्हणजे 'सात दिवस' या शब्दाला त्याच्या डोळ्यांपुढे लांबी-रुंदी येते.

याहून मोठी तयारी म्हणजे सराव. शिबिराआधी दोन-तीन रात्री मुलाने कामोठ्याच्या मावशीकडे किंवा कळंबोलीच्या काकांकडे एकट्याने राहावे. त्या काळात घरून फोन करू नये. बऱ्याच चर्चमध्ये सुट्टीत दिवसाची बायबल शाळा भरते, जिला मुले 'व्हीबीएस' म्हणतात. तिथले दादा-ताई, गाणी, खेळ ओळखीचे झाले की शिबिरात निम्मे अनोळखीपण उरत नाही. इंग्रजी माध्यमातील मुलांना रेव्हरंड टिळकांची भजने अनेकदा ऐकूनही ठाऊक नसतात. 'उपासना संगीत' घरात असेलच. त्यातली दोन-तीन भजने संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच्याबरोबर म्हणावीत. परक्या ठिकाणी पन्नास आवाजांत आजीच्या घरातली चाल ऐकू येणे ही मुलासाठी लहान गोष्ट नाही.

श्रद्धेच्या संदर्भात एक नाजूक गोष्ट इथेच सांगतो. रडणाऱ्या मुलाला "प्रार्थना कर, म्हणजे रडू थांबेल" असे सांगण्याची आपली रीत आहे. मूल प्रार्थना करते, रडू थांबत नाही, आणि मग त्याला वाटते की आपली प्रार्थनाच खोटी. घरची आठवण येणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे, हे तुमच्या तोंडून त्याला आधीच कळू द्या. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब घर सोडून निघाला, तेव्हा पहिल्या मुक्कामी दगड उशाला घेऊन उघड्यावर झोपला होता; त्या जागेला त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव दिले. (आपल्या पनवेलमधील बेने इस्रायली समाजाच्या सभास्थानाचे नावही बेथ एल आहे, हे मुलाला जरूर दाखवावे.) त्याचप्रमाणे, सर्वांसमोर प्रार्थना किंवा साक्ष देण्याची इच्छा नसेल तर गप्प बसले तरी चालते, हेही त्याला सांगून ठेवावे.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी आजी-आजोबा सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू आवाजात विचारतात. "तो अजून कधी कधी अंथरूण ओले करतो, पाठवावा का?" अवश्य पाठवावा. सात वर्षांच्या सुमारे दहा मुलांत एकाला हा त्रास असतो. त्यात आळस नसतो, हट्ट नसतो. एका आजोबांनी ही गोष्ट लाजेने शिबिरात कळवली नाही. मुलगा दोन रात्री भीतीने जागा राहिला आणि तिसऱ्या रात्री गाढ झोपला. पुढचे सांगायला नको. तेव्हा खोलीतील एका विश्वासू ताईला किंवा दादाला आधी एकांतात सांगावे: झोपण्यापूर्वी त्याला लघवीला पाठवा, पहाटे इतरांआधी हलकेच उठवा. पिशवीत गडद रंगाचे दोन जादा पायजमे, एक मेणकापड आणि ओले कपडे ठेवायला काळी पिशवी द्यावी. डेस्मोप्रेसिन नावाची गोळी अशा थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी बालरोगतज्ज्ञ देतात. पण ती शिबिराच्या आदल्या रात्री प्रथमच देऊ नये. काही आठवडे आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी देऊन पाहावी. ती घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजकेच द्यायचे असते, अन्यथा रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. उन्हाळ्याच्या शिबिरात "पाणी प्या, पाणी प्या" असा सतत आग्रह असतो. म्हणून हा नियम त्या ताईलाही ठाऊक हवा. त्याची तहान दिवसा भरपूर भागवावी.

याच ओघात शौचाचे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना कमोडची सवय असते. उकिडवे बसायचे ठाऊक नसते. शिबिरात ती चार-चार दिवस थांबवून धरतात, मग पोट दुखते, आणि बद्धकोष्ठाने रात्रीचा त्रासही वाढतो. आधीचा आठवडाभर बसण्याचा सराव करून घ्यावा. या विषयात तुमच्या पिढीइतके जाणकार दुसरे कोणी नाही.

नियमित औषधे असल्यास मूळ वेष्टनात, मुलाचे नाव, मात्रा आणि वेळ लिहून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जबाबदार व्यक्तीच्या हाती द्यावीत. दम्याच्या मुलाचा तातडीचा पंप मात्र त्याच्याजवळच असावा, आणि रोजचा प्रतिबंधक पंप 'सुट्टी आहे' म्हणून बंद करू नये. फिटच्या औषधाची एकही मात्रा चुकता कामा नये. घाटातून जाताना ओकारी होणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी हलके खायला देऊन गाडीत पुढे बसवावे.

डोंगरातल्या मुक्कामात विंचवाची आणि सापाची आठवण ठेवावी लागते. आपल्या रायगड जिल्ह्यातच, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. पण ते औषध वेळेत मिळायला हवे. दंशानंतर मुलाला दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर ती नुसती वेदना नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखणारे, पापण्या जड झालेले मूल 'झोप झाली नाही' म्हणून निजवू नये. मुलाला दोनच सवयी लावाव्यात: बूट झटकून घालणे आणि रात्री टॉर्चशिवाय पाऊल न टाकणे. मच्छरदाणी देता आली तर ती अंथरुणाखाली नीट खोचायला शिकवावी. आयोजकांना जवळचे सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय कोणते, हे विचारावे.

आणखी एक प्रश्न विचारावा, संकोच न करता: रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपते? किमान दोन प्रौढ असावेत, मुलींच्या खोलीत स्त्रियाच असाव्यात. "पाळकसाहेबांना असे कसे विचारायचे?" असे काहींना वाटते. पण चांगल्या शिबिराचे लोक या प्रश्नाने दुखावत नाहीत. त्यांचे उत्तर तयार असते. मुलालाही सांगावे की आंघोळीच्या वेळी किंवा अंथरुणात कोणी स्पर्श केला, किंवा "घरी सांगू नकोस" म्हणाले, तर ते गुपित राखायचे नसते. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असावा.

फोन बहुतेक शिबिरांत ठेवू देत नाहीत, आणि ते बरेच आहे. त्याऐवजी पत्र लिहा. तुमच्या पिढीला ते येते! दोन छोटी पत्रे आधीच लिहून, वर वार घालून ताईकडे द्यावीत. "तुझ्यावाचून घर खायला उठते", "मोती जेवत नाही" असे त्यात नको. गच्चीवरच्या कुंडीत मिरची लागली, कैऱ्यांचे लोणचे घातले, शनिवारी आल्यावर चव पाहू, एवढे पुरे. खरे पाहता तो आठवडा तुम्हालाही जड जातो. दुपारी चारला चहा ठेवताना हात आपोआप दुधाच्या पेल्याकडे जातो. ते मुलाला कळवू नये. त्या वेळी शेजारच्या घरी जावे, राहून गेलेली रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला की तो अजून जेवत नाही, रात्र-रात्र झोपत नाही, तर मात्र अभिमान बाजूला ठेवून जावे आणि त्याला घरी आणावे. "बघ, मी म्हटलं नव्हतं" हे वाक्य त्या प्रवासात उच्चारू नये. पुढच्या मे महिन्याचा विषयही तेव्हा नको.

शनिवारी तो स्वतःच्या पायांनी उतरला, तर प्रश्नांची फैर झाडू नका. तो काळवंडलेला असेल, आवाज बसलेला असेल, पिशवीत दुसऱ्याच मुलाचा टॉवेल असेल. त्याला आंघोळीला पाठवा, केसांत उवा आहेत का ते पाहा, गरम वरणभात वाढा आणि झोपू द्या. सांगायचे ते तो रविवारी दुपारी, तुम्ही पाय पसरून पडलेले असताना, आपणहून सांगेल.