उलाळ

यंत्रांचे आणि माझे सख्य कधी जमले नाही. घरातला फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधतो आणि पत्नी पक्कड शोधते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा मी यंदाच्या दिवाळी अंकात मोटारीच्या पाट्यांवर लिहितो आहे, हे पाहून संपादकांनीही चष्मा पुसून पुन्हा वाचले असेल. पण प्रसंगच तसा घडला.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो. गेल्या मे महिन्यात मी आईला घेऊन त्याच्याकडे गेलो होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तो कितीतरी वर्षे तिला बोलावीत होता आणि ती कितीतरी वर्षे ‘पुढल्या वर्षी पाहू’ म्हणत होती. आता ती खरोखरच येणार म्हटल्यावर त्याने एक जुनी पिकअप गाडी आणि तिच्यामागे ओढायचा एक ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. बिछाने, शेगडी, न्हाणीघर, सगळे आत. ‘आईला हॉटेलातलं चालायचं नाही, आपली चूल आपल्याबरोबर नेऊ,’ हा त्यामागचा विचार. बेत होता रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या एस्टेस पार्कचा. डेन्व्हर 5,280 फुटांवर, आणि ते गाव सुमारे साडेसात हजार फुटांवर. म्हणजे वाट चढाची, आणि परतताना उताराची.

अंगणात ट्रेलर पहिल्यांदा जोडला तेव्हा आम्ही सारे कौतुकाने पाहत उभे होतो. जोडताक्षणी पिकअपची मागची बाजू वीतभर खाली बसली, तोंड वर उचलले, आणि तिचे दिवे समोरच्या घराच्या माडीकडे पाहू लागले.

आई खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “गाडी उलाळ झाली की रे.”

माझ्या पुतणीने विचारले, “दादाकाका, उलाळ म्हणजे काय?” इथे मात्र मास्तराला अधिकाराने बोलता आले. आईचे माहेर वाई तालुक्यातले, शेतीवाडीचे. बैलगाडीत ओझे आसाच्या फार मागे गेले की मागची बाजू दबते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्यालाच गाडी उलाळ होणे म्हणतात. ओझे फार पुढे आले तर बैलांच्या माना सोलवटतात. माझे आजोबा गाडी भरून झाली की जू हाताने उचलून पाहत, आणि शेंगांचे एखादे पोते हातभर पुढेमागे सरकवीत. मगच बैल जुंपत.

भावाला हे ऐकायला वेळ नव्हता. शनिवारी त्याने दुकानातून रबरी फुग्यांची एक जोडी आणली. मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात. त्या पाट्यांच्या आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये हे फुगे बसतात. बसवले, पंपाने हवा भरली, आणि दबलेली गाडी डोळ्यांदेखत वर आली. अगदी ओळंब्यात. भावाने फोटो काढला आणि विजयी मुद्रेने आईकडे पाहिले.

“उंची सारखी झाली,” आई म्हणाली. “पण वजन कुठं गेलं?”

“आई, ही बैलगाडी नाही,” तो जरा तुटकपणे म्हणाला. पण प्रश्न त्यालाही लागला असावा. कारण रविवारी सकाळी त्याने जोडावरचा भार कमी करायचा म्हणून ट्रेलरमधले जड खोके उचलून मागच्या कपाटात नेले. पाण्याची टाकीही मागच्याच बाजूला होती, ती काठोकाठ भरली. दीडशे किलो पाणी! मग आम्ही दोघेच एक फेरी मारायला निघालो.

शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर, उतारावर, एक मोठा मालट्रक आमच्या शेजारून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलरने शेपूट हलवले. आधी थोडे, मग अधिक, मग इतके की पिकअपचे तोंडही त्याबरोबर डावीकडे-उजवीकडे जाऊ लागले. भावाने जोरात ब्रेक दाबला नाही, यातच आमचे दैव होते. त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, चक्र सरळ धरले, आणि डॅशबोर्डवरचा छोटा खटका दाबला. त्याने केवळ ट्रेलरचेच ब्रेक लागतात. ते शेपूट हळूहळू शांत झाले. गाडी कडेला उभी राहिली तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दादा, मागच्या सीटवर आई आणि पोर असती तर?”

मी काही बोललो नाही. त्या रात्री मी गाडीची पुस्तिका वाचायला घेतली. भाषेच्या प्राध्यापकाला तळटिपा वाचायची खोड असते, ती पहिल्यांदाच उपयोगी पडली. फुग्यांच्या माहितीपत्रकातच तळाशी लिहिले होते की या फुग्यांनी गाडीची ठरलेली भारक्षमता वाढत नाही. बाकीचे भावाने कागदावर मांडले. तो इंजिनियर आहे. फक्त रागात होता.

ट्रेलर सामानासकट 2,700 किलोंचा. त्याचा जोडावर येणारा भार एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो. तो कमी झाला की शेपूट हलते. रविवारी आम्ही तेच केले होते. सामान नीट ठेवल्यावर हा भार 340 किलो भरत होता. पण जोडाचा गोळा मागच्या आसाच्याही सव्वा मीटरभर मागे असतो. तिथे 340 किलो टेकले की तरफेच्या न्यायाने पुढची चाके सुमारे 110 किलोंनी हलकी होतात, आणि मागच्या आसावर साडेचारशे किलो पडतात. गाडी वळवायची पुढच्या चाकांनी, थांबवायची मुख्यतः त्यांनीच, आणि तीच उचललेली! फुगे मागची बाजू वर करतात. पुढच्या चाकांवरून गेलेले वजन काही परत आणीत नाहीत.

खात्री करायला आम्ही मालट्रकांच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर गेलो. तिथे पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके यांचे वजन वेगवेगळे मिळते. फुग्यांत हवा कमी करून पाहिले, भरून पाहिले. पुढच्या चाकांचा आकडा जवळजवळ तोच. आईचा प्रश्न काट्यावर छापून मिळाला.

आणखी एक कागद गाडीतच होता आणि कोणी पाहिला नव्हता. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला. माणसे आणि सामान मिळून 680 किलोंच्या वर नको, असे त्यावर होते. जोडाचा भार 340, जोडाचे लोखंड 40, आम्ही पाच जण 290, मागचे सामान 120. झाले 790! मला आपल्याकडचे कांद्याचे पिकअपवाले आठवले. ‘दोन पाटे जादा टाकलेत, आता कितीबी भरा’ असे अभिमानाने सांगतात. पाटे वाढले तरी ब्रेक तेच, टायर तेच, आस तोच राहतो, हे त्यांना कोण सांगणार? आमच्या घरातल्या इंजिनियरलाही वजनकाट्यानेच सांगितले.

मग सगळे रीतसर झाले. भार वाटणारा जोड आला. त्याच्या दोन पोलादी दांड्या ताणून बसवल्या की मागच्या आसावरचे काही वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जाते. पुन्हा काट्यावर नेले तेव्हा पुढच्या चाकांचे बरेचसे वजन परत आले होते. फुग्यांत थोडीशीच हवा ठेवली. पाणी तिथे पोचून भरायचे ठरले. जड सामान ट्रेलरच्या आसाजवळ, जरा पुढे. टायरांतली हवा तपासली. मी आणि भावजय तिच्या लहान मोटारीतून मागोमाग निघालो. आई मात्र पिकअपमध्येच बसणार म्हणाली. तिचे पन्नास किलो भावाने हिशेबात धरले होते.

मी सगळी वाट मागून त्या ट्रेलरकडे पाहत होतो. कितीतरी मालट्रक शेजारून गेले. ते बिऱ्हाड आपल्या ओळीत शांत चालले होते.

एस्टेस पार्कला पोचल्यावर समोर बर्फाची शिखरे होती. सगळे तिकडे धावले. आई सावकाश उतरली, शिखरांकडे न पाहता गाडीच्या पुढे गेली आणि वाकून पुढच्या चाकावरून हात फिरवला. आजोबाही मुक्कामाला पोचले की असेच करीत. पाणी पिण्याआधी बैलांच्या माना पाहत.

“बरी आहे,” ती भावाला म्हणाली. “आता चहा टाक.”