दुरुस्तीच्या हुनराची किंमत कोण देणार?

मोमिनपुरा, हंसापुरी या भागांत पूर्वी गल्लीगल्लीत सायकल मिस्त्री असे. आता तो शोधावा लागतो. जे उरले आहेत त्यांची मुले या धंद्यात यायला तयार नाहीत. कारण विचारले की सगळे मोटारसायकलकडे बोट दाखवतात. ते कारण खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे कारण म्हणजे आपण गिऱ्हाईक. माझ्याच घरच्या एका कामातून हे माझ्या ध्यानात आले, म्हणून व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडतो.

माझ्या पत्नीची एक लेडीज सायकल आमच्या माळ्यावर पडून होती. आसनसोलच्या सेन-रॅले कंपनीची. मुलीला डी.एड. कॉलेजला जाता यावे म्हणून तिच्या वडिलांनी 1988 मध्ये ती जुनीच विकत घेतली होती. 1994 मध्ये आमचे लग्न झाले. ती तेव्हा उर्दू प्राथमिक शाळेत शिकवू लागली होती आणि शाळेला सायकलनेच जात असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना सुनेने भर बाजारातून सायकल चालवणे पटले नाही. मी गप्प राहिलो. सायकल माळ्यावर गेली आणि पत्नीच्या मागे रिक्षा लागली, ती आजतागायत.

गेल्या वर्षी रमजानपूर्वीच्या साफसफाईत सायकल खाली उतरली. पत्नीने घंटीवरची धूळ पुसली आणि एकदा वाजवून पाहिली. घंटी वाजली. ती काही बोलली नाही, पण ही सायकल नीट करून तिला भेट द्यायची, हे मी तेव्हाच ठरवले.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचे म्हणणे वेगळे पडले. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी 2017 मध्ये उघडलेले जुन्या सायकलींचे संग्रहालय त्याने पाहिले होते, तेव्हापासून त्याला या वस्तूंचा नाद लागला. तो म्हणाला, अम्मीला द्यायचीच तर जुनी इटालियन सायकल द्या. बियांची कंपनीचा किस्साही त्याने ऐकवला. एदुआर्दो बियांची यांनी 1885 मध्ये मिलान शहरात छोटे दुकान टाकले आणि दहा वर्षांनी त्यांनी खुद्द इटलीच्या राणीला सायकल चालवायला शिकवले. ऐकून मी मनात खजील झालो. राणी सायकलवर बसली म्हणून इटलीची इज्जत गेली नाही, आणि आमच्या घराची मात्र एका शिक्षिकेने जाणार होती!

तरी इटालियन सायकल मी नको म्हटली. एक तर ती तिची नव्हती. दुसरे कारण मिस्त्रीचाचांनी सांगितले. पायडलचा एक्सल ज्या वाट्यांत फिरतो त्यांचे आटे इंग्रजी पद्धतीत उजव्या बाजूला उलटे असतात, इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटे, आणि मापही मोठे. आपल्याकडचे सामान त्याला बसत नाही. आपल्या सायकली इंग्रजी वळणाच्या, त्यामुळे कारखाना बंद पडला तरी लुधियानाचे सामान बहुतेक ठिकाणी चालून जाते. आणि कारखाने तर बंद पडलेच आहेत. सेन-रॅले आणि मुंबईची हिंद सायकल्स या दोन्ही कंपन्या सरकारने 1980 मध्ये कायदा करून ताब्यात घेतल्या, तरी त्या टिकल्या नाहीत. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी थांबला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी.

चाचांकडे जाण्यापूर्वी मी एका मोठ्या दुकानात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथल्या पोऱ्याने उजवी वाटी नेहमीच्या दिशेने फिरवली, म्हणजे सोडवण्याऐवजी आवळली. वर पाना धरून हातोडा मारू लागला. मी सायकल उचलून बाहेर आलो. चाचांनी तीच वाटी आणि गंजलेल्या कॉटर पिना चार दिवस तेलात भिजवत ठेवल्या आणि एकही न तोडता काढल्या. मग पूर्ण ओव्हरऑइलिंग केले. छर्रे बदलले, कोन घासले. मागच्या चाकाच्या 40 आणि पुढच्या 32 तारा एकेक करून बसवल्या आणि आउट काढला. मडगार्डवरची सोनेरी रेघ एका जुन्या पेंटरने हाताने ओढली. फ्लेक्स आल्यापासून त्याचे पाट्यांचे काम संपले आहे.

काम संपल्यावर चाचांनी मजुरी सांगितली 900 रुपये. मी सवयीने म्हणालो, 700 घ्या. ते हो म्हणाले.

रात्री दुकानाचा हिशेब लिहिताना तो आकडा डोळ्यांपुढून जाईना. त्यांनी माझ्या सायकलवर कमीत कमी 30 तास घातले होते. म्हणजे तासाला 23 रुपये. माझ्या गोदामात गाठी उचलणाऱ्या हमालालाही मी यापेक्षा जास्त देतो. आणि मी स्वतः कापडाचा व्यापारी! चांगल्या रफूगाराची मजुरी कधी कधी कपड्याच्या किमतीवर जाते, हे मी वडिलांच्या गादीवर बसून शिकलो. शालीचे रफू महाग का, हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. सायकलच्या बाबतीत मात्र तेच विसरलो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी चाचांपुढे आणखी 2300 रुपये ठेवले. ते घेईनात. म्हणाले, "सेठ, हा भाव लोकांना कळला तर उद्या माझ्या दुकानावर कोण येईल?"

खरा प्रश्न हाच आहे. एका गिऱ्हाइकाच्या दिलदारीने धंदा सुधारत नाही, त्यासाठी दर ठरावा लागतो. कोणी म्हणेल, सायकल गरिबाचे वाहन. मिस्त्रीने दर वाढवला तर मजुराने काय करावे? हरकत रास्त आहे. म्हणून पंक्चर आणि रोजची दुरुस्ती आहे त्या दरात राहू द्या. जुनी सायकल पुन्हा उभी करणे हे काम वेगळे आहे, त्याचा दर वेगळा हवा. आपणही रोजच्या लठ्ठ्याला आणि लग्नाच्या जोड्याला एकच नफा लावत नाही.

अशा कामाला गिऱ्हाईक मिळते. इटलीत टस्कनी भागातल्या गायोले नावाच्या गावात 1997 मध्ये 92 लोक जुन्या सायकली घेऊन जमले आणि कच्च्या रस्त्यांवरून फेरी काढली. आता तिथे दरवर्षी हजारो लोक येतात. मुख्य अट अशी, की सायकल 1987 पूर्वीच्या बनावटीची हवी. जुन्या सायकलीला अशी मागणी आली की ती दुरुस्त करणाऱ्या हातालाही काम मिळते. आपल्याकडेही माळ्यांवर कमी सायकली पडलेल्या नाहीत.

मिस्त्री बांधवांना माझी विनंती आहे की मोठ्या कामाचा अंदाज कागदावर लिहून द्या. सामान आणि मजुरी वेगळी दाखवा, काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत करा. एका भागातल्या चार-पाच दुकानांनी मिळून दराची पाटी लावली तर एकट्याला भीती राहणार नाही. व्यापारी बांधवांनी मजुरीत घासाघीस करण्याआधी तास मोजावेत. इतकी मजुरी मिळू लागली तर चाचांचा नातू पाना हातात घेईलही.

चाचांनी अखेर 1000 रुपये घेतले, बाकीच्यांत नातवासाठी पान्यांचा संच आणायला सांगितले. पत्नीने रविवारी पहाटे सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर सायकल चालवली. आधी दोनदा पाय टेकले, मग थांबली नाही. परत आल्यावर मी विचारले, कशी वाटली? ती म्हणाली, "सायकल छान झाली. पण एवढ्या वर्षांच्या रिक्षाभाड्याचा हिशेब कोण देणार?"

त्या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही. सोमवारी ती सायकलने शाळेत गेली.