उसनवारीचा खेळाडू

२०१५ सालच्या फेब्रुवारीत गोव्याचा बावीस वर्षांचा फुटबॉलपटू रोमिओ फर्नांडिस याला धेंपो स्पोर्ट्स क्लबने ब्राझीलच्या कुरितिबा शहरातील अत्लेतिको परानाएन्से या क्लबकडे उसनवारीवर पाठवले. दक्षिण अमेरिकेतील व्यावसायिक मैदानावर उतरणारा पहिला भारतीय म्हणून वृत्तपत्रांनी त्याचा जयघोष केला. प्रत्यक्षात त्याच्या पदरी पडला तो मे महिन्यातील एक सामना. परानाच्या प्रांतिक स्पर्धेतील, आणि तोही बदली खेळाडू म्हणून. ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगचे मैदान त्याच्या वाट्याला आलेच नाही. तो परतला, आणि ज्यांनी जयघोष केला होता त्यांनीच ‘प्रयोग फसला’ असा निकाल देऊन टाकला.

हा निकाल आम्हाला मान्य नाही. उसनवारी म्हणजे काय हे आधी नीट पाहिले पाहिजे. खेळाडूच्या करारावर एका क्लबची मालकी कायम राहते, त्याचे श्रम मात्र ठरावीक मुदतीपुरते दुसऱ्या क्लबच्या हवाली केले जातात. देणाऱ्याचा हक्क सुटत नाही आणि घेणाऱ्यावर जबाबदारी पडत नाही. खेळाडू चमकला तर दोन्ही मालकांचा फायदा. नाही चमकला तर नुकसान त्या एकट्याचे.

जबलपूरच्या वाचकांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने मोडून त्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा गन कॅरेज फॅक्टरी, व्हेईकल फॅक्टरी आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना येथील कामगार ‘डीम्ड डेप्युटेशन’वर कंपन्यांच्या हवाली झाले. नाव सरकारच्या दप्तरी, घाम कंपनीच्या खाती! आधी दोन वर्षांची म्हणून सांगितलेली मुदत पुढे वाढवण्यात आली. संपाचा मार्ग तर त्याच वर्षीच्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने बंद केलेला होता. फुटबॉलपटूला निदान कागदावर सही तरी करावी लागते. अर्थात, त्या सहीमागे कितपत स्वेच्छा असते हा प्रश्न उरतोच.

रोमिओची ही पहिली उसनवारी नव्हती, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली ती रिलायन्स आणि स्टार यांच्या भांडवलावर. आठ संघ आणि जेमतेम दहा आठवड्यांचा खेळ. एवढ्या अवधीसाठी कायमचे खेळाडू कोण पोसणार? तेव्हा जुन्या क्लबांकडून ते उसने घेतले गेले. धेंपोचे खेळाडू एफसी गोवा या संघात गेले, आणि त्या संघाच्या भागीदार मालकांत श्रीनिवास धेंपो होतेच, शिवाय दत्तराज साळगावकर आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूतही होते. डाव्या खिशातले उजव्या खिशात, एवढाच हा व्यवहार! तेथे ब्राझीलचे थोर खेळाडू झिको यांच्या हाताखाली रोमिओ उठून दिसला, आणि त्यातूनच कुरितिबाची वाट निघाली.

पण कुरितिबा म्हणजे काय? ब्राझील हा जगात सर्वाधिक फुटबॉलपटू निर्यात करणारा देश. तेथे प्रत्येक जागेसाठी डझनभर स्थानिक तरुण रांगेत उभे असतात. अशा ठिकाणी काही महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या परक्या विंगरसाठी कोणता प्रशिक्षक आपली जागा धोक्यात घालील? गोव्यावर साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांचे राज्य होते म्हणून १९९२ साली जन्मलेल्या गोवेकराला ब्राझीलमध्ये घरच्यासारखे वाटेल असे समजणे हा तर निव्वळ भाबडेपणा. इकडे त्याच हंगामात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या धेंपोची आय-लीगमधून घसरण झाली. ज्याची घरी गरज होती तो परदेशात बाकावर बसून होता.

सुनील छेत्री यांचा अनुभव फारसा वेगळा नाही. २०१२ मध्ये ते लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या दुय्यम संघात दाखल झाले. तेथे मोजून तीन सामने मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्या परदेशी क्लबने त्यांना उसनवारीवर पाठवले ते गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे! याउलट १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबमध्ये गेलेले बायचुंग भुतिया खालच्या विभागात का होईना, तीन वर्षे टिकले. बरीने त्यांना उसने घेतलेले नव्हते, स्वतःचा खेळाडू म्हणून करारबद्ध केले होते. दुखापती झाल्या, क्लब आर्थिक डबघाईला आला, तरीही पस्तीसहून अधिक सामने त्यांच्या नावावर जमा झाले. मुदतीचा आणि जबाबदारीचा परिणाम किती असतो हे यावरून दिसते.

२०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब फुटबॉल महासंघाच्या फेररचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले. मालकांचा निषेध मालकांना परवडतो. मैदान गेले ते गोव्याच्या पोरांचे. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि रिलायन्सची कंपनी यांच्यातील करार रखडला, सुपर लीग लांबणीवर पडली, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखून धरले. ज्यांच्याशी रीतसर करार होते त्यांची ही गत, मग उसनवारीवाल्याने कोणाच्या दारात जायचे?

फिफाने जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर बंधने घातली आहेत. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, उसन्या खेळाडूला पुन्हा तिसरीकडे उसने देण्यास मनाई, आणि क्लबागणिक संख्येची मर्यादा. हे स्वागतार्ह आहे. परंतु खेळाडूला मैदानावर उतरवण्याची हमी यात कोठेच नाही, आणि बाकावर गेलेल्या महिन्यांची भरपाईही नाही. भुतियांच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने हेच कलम धरून महासंघाशी वाटाघाटी केल्या पाहिजेत. किमान सामन्यांची हमी, परतल्यावर मूळ पगार आणि मूळ जागा, आणि सही करण्यापूर्वी संघटनेच्या प्रतिनिधीला करार वाचण्याचा हक्क, या तीन गोष्टी लेखी मिळाल्याखेरीज यापुढे कोणत्याही तरुणाने परदेशी उसनवारीच्या कागदावर सही करू नये.