हातमोजे जाड, तरी बोटे बधिर

जर्मनीत २०१९ च्या अखेरीस ‘बी १९६’ची सोय झाली आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांची मोटरसायकलची जुनी हौस पुन्हा जागी झाली. वयाची पंचविशी पूर्ण आणि कारचा परवाना पाच वर्षे जुना असला, की ठरावीक तास शिकून, वेगळी परीक्षा न देता १२५ सीसीची गाडी चालवता येते. (फक्त जर्मनीत. सुट्टीत ऑस्ट्रियाला निघताना हे विसरू नका.) उन्हाळा मजेत जातो. प्रश्न येतो नोव्हेंबरात.

पुण्याच्या थंडीत शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून स्कूटर हाणलेले आपण लोक. ‘एवढ्याशा गारठ्याचं काय!’ हा आपला खाक्या. माझाही होता. दोन वर्षांपूर्वी सकाळी कामावर जाताना पुढची कार सिग्नलला थांबली, मी ब्रेक दाबायला गेलो आणि बोटे वळेचनात. पायाच्या ब्रेकवर निभावले. कारच्या बंपरपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. हातात होते ते चांगले जाडजूड, महागातले हातमोजे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. बोटांनी अर्धा सेकंद उशीर केला तर ७ मीटर गेले. म्हणून माझे म्हणणे असे, की हात गरम ठेवण्याचा खर्च हा चैनीचा खर्च नाही, तो ब्रेकच्या दुरुस्तीइतकाच गरजेचा आहे.

हवा शून्य अंश असताना त्याच वेगाचा वारा उघड्या कातडीला उणे आठसारखा लागतो. शिवाय शरीराला थंडी वाजली, की ते आधी हातापायांचे रक्त आखडते आणि पोटाछातीकडे वळवते. म्हणून छाती आणि गळा उघडा ठेवून नुसते हात झाकण्यात अर्थ नाही. एकावर एक घट्ट हातमोजे चढवले तर उरलेले रक्तही अडते.

पैसे कुठे घालावेत? माझ्या मते पहिले हँडलवर चढवायच्या पिशव्यांत, म्हणजे लेंकरश्टुल्पनमध्ये. दिसायला ओंगळ, मुले हसतात, पण वारा अडवतात आणि आत साधे हातमोजे पुरतात. बसवल्यावर हात पटकन आत-बाहेर होतो का आणि वाऱ्याने पिशवी दबून ब्रेक लागत नाही ना, हे मात्र पाहावे. दुसरे, गरम होणाऱ्या ग्रिप. बीएमडब्ल्यूने त्या १९८१ सालीच आणल्या. आज त्या जुन्या गाडीलाही बसवून मिळतात. त्या तळहात शेकतात, पण बोटांच्या पाठीला वारा लागतोच. लहान गाडीची बॅटरी तो भार पेलेल का, हे आधी मेकॅनिकला विचारा. भारी हातमोज्यांचा नंबर तिसरा.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. बोटांची संवेदना कमी असली तर गारठा कळत नाही आणि घरी आल्यावर कढत पाण्याचा चटकाही कळत नाही. हात कोमट पाण्यातच धरावेत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकरने, हात गार पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. थंडीत बोटे पांढरीफटक पडून मग निळी-लाल होत असतील तर तेही त्यांना दाखवा.

आणि हिवाळ्यात चालवायचीच नसेल तर मोसमी नंबरप्लेट घ्या. दोन ते अकरा महिन्यांची मिळते आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो. १२५ सीसीला वाहनकर मुळातच नाही. मात्र उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, तेव्हा अंगण किंवा गॅरेज हवे. विम्याची सवलत पुढे सरकायला साधारणपणे वर्षातले किमान सहा महिने लागतात, म्हणून चार महिन्यांची प्लेट घेण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या.

माझ्या जुन्या पिशव्या दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो. कोणाला आपल्या हँडलला लावून पाहायच्या असतील त्यांनी त्या दिवशी गाडीवरूनच यावे.