पौर्वापर्याची सक्ती : ‘झपाटलेला’ आणि मूळपणाचा प्रश्न

चित्रपटमालिका कोणत्या क्रमाने पाहावी, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येत नाही, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात आढळते. तो हौशी प्रेक्षकांचा विषय मानून सोडून दिला जातो. वस्तुतः प्रभाव-अभ्यासाच्या नावाखाली मराठीच्या विभागांतून जे वर्षानुवर्षे चालत आले आहे, ते क्रम लावून देण्याचेच काम होय. ‘आधी मूळ, मग अनुकरण’ हे त्याचे सूत्र. कालानुक्रमाचा निर्विकार स्वीकार असल्याचा आव ते आणते. प्रत्यक्षात तो मूल्यनिर्णय असतो आणि तोही संहितेला भिडण्यापूर्वीच दिलेला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाच्या संदर्भात हे सूत्र तपासून पाहण्याजोगे आहे.

या चित्रपटाचा आधार असलेला ‘चाइल्ड्स प्ले’ १९८८ चा. पोलिसांच्या गोळीने मरणारा खुनी मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळविण्यासाठी एका लहान मुलाच्या मागे लागतो, हे त्याचे कथाबीज. या मालिकेचे पुढील चित्रपट १९९०, १९९१, १९९८, २००४, २०१३ आणि २०१७ मध्ये आले; २०१९ ची पुनर्निर्मिती या कथासूत्राबाहेरची आहे. येथे प्रदर्शनाचा क्रम आणि कथेतील काळाचा क्रम बहुतांशी जुळतात, म्हणून क्रमवाद्यांना अडचण जाणवत नाही. ‘हॅलोविन’ मालिकेत मात्र ती उघडी पडते. १९८१ च्या दुसऱ्या चित्रपटाने नायिकेला खुन्याची बहीण ठरविले. २०१८ च्या चित्रपटाने १९७८ च्या पहिल्या चित्रपटानंतरचे सारे बाजूला सारून ते नाते रद्द केले. कोणता चित्रपट कशानंतर पाहिला, यावर तेथे खुनाचा अर्थच बदलतो. क्रम हे आस्वादाचे वेळापत्रक नसून अर्थनिर्णयाची कृती आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता कालानुक्रम खरोखरच प्रमाण मानावयाचा, तर ‘झपाटलेला’ला तिसऱ्या आणि चौथ्या अमेरिकी चित्रपटांच्या मधोमध बसवावे लागेल. तसे कोणी करीत नाही. त्याची जागा परिशिष्टात. शिवाय बाहुल्याच्या भयकथेला विनोदाकडे उघडपणे वळविणारा अमेरिकी चित्रपट १९९८ चा आहे आणि मराठीत हे वळण पाच वर्षे आधी घेतले गेले होते. मराठी चित्रपटाचा तेथे प्रभाव पडला, असा दावा येथे नाही. परंतु अग्रक्रम हाच गुण असेल, तर तो मराठीच्या पदरी पडताच विसरला का जातो? उत्तर सरळ आहे : या क्रमाचा संबंध काळाशी नाही, स्वामित्वाशी आहे.

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. तात्या विंचू त्याला लहानपणीच दूरचित्रवाणीवर भेटलेला असण्याची शक्यता मोठी. चकी भेटलाच, तर नंतर. याउसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते या वाचकाच्या बाबतीत तात्या विंचूने आखलेले आहे. त्याच्याही मागे यशवंत केशव पाध्ये यांच्या अर्धवटरावाने रुजविलेली बोलक्या बाहुल्यांची परंपरा उभी आहे. तात्या विंचूचा बाहुला घडविणारे रामदास पाध्ये हे त्यांचेच चिरंजीव, आणि चित्रपटातील लक्ष्याही बोलक्या बाहुल्यांचाच कलावंत. अमेरिकी चित्रपटात बाहुला ही दुकानातून घरात आलेली वस्तू आहे आणि भय आहे ते मुलांच्या बाजारपेठेचे. मराठी चित्रपटात बाहुल्याला आवाज देणाऱ्यासमोर स्वतःच्या आवाजात बोलणारा बाहुला उभा ठाकतो. येथले भय कलावंताचे आहे. चकीला आद्यस्थानी बसवून पाहणाऱ्याला हा अर्थ दिसण्याची शक्यताच उरत नाही.

‘झपाटलेला २’ (२०१३) हे आणखी बोलके उदाहरण. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. या चित्रपटात तात्या विंचू लक्ष्याच्या मुलामागे लागतो. ज्याने हा चित्रपट आधी पाहिला, त्याला १९९३ च्या चित्रपटातील हसरा, धडपडा लक्ष्या हा गेलेला बाप म्हणून भेटतो. त्याच प्रसंगांवर कारुण्याची छाया पडते. हा पाहण्यातील दोष मानावयाचा काय? नवी कृती जुन्यांची मांडणी बदलते, हे एलियटने १९१९ मध्येच सांगितले होते. मराठी विभागांत ते शिकविले जाते. वापरले जात नाही.

भय अज्ञातावर पोसते, म्हणून क्रम राखलाच पाहिजे, असा आक्षेप येईल. ज्या गावाच्या नावातच रेणुका आहे, तेथे तो टिकणे कठीण. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा शिरच्छेद केला, हे श्रोत्याला आख्यान ऐकण्यापूर्वीच ठाऊक असते. माहूरला तर देवीचे मुखच पूजिले जाते : परिणाम आधी दिसतो, कथा मागाहून येते. तरीही शस्त्र उचलले जाते त्या क्षणी श्रोता थरारतो. शेवट माहीत असणे आणि भय वाटणे यांत विरोध नाही.

ही उसनवारीची वकिली नव्हे. ‘झपाटलेला’ने कथाबीज घेतले आहे आणि ते ऋण स्वच्छपणे नोंदविले गेले पाहिजे. परंतु ऋणाची नोंद वेगळी आणि वाचनाचा क्रम वेगळा. ‘कोसला’चा (१९६३) विचार सॅलिंजरच्या १९५१ च्या कादंबरीच्या आधाराने करणाऱ्यांनी हाच घोटाळा केला आणि ज्यांनी पांडुरंग सांगवीकर आधी वाचला, त्यांच्या वाचनाला अपुरेपणाचा शिक्का बसला. प्रबंधांतून आजही मराठी कृती दुसऱ्या प्रकरणात येते, पहिले प्रकरण परक्या ‘मूळा’ला दिलेले असते. हा आराखडा उलटवून पाहण्याची मुभा विद्यार्थ्याला मिळत नाही, तोवर तुलनाभ्यास ही तुलना नव्हे. ती केवळ हजेरी आहे आणि तीत गावाकडून आलेला वाचक नेहमीच उशिरा आलेला ठरतो.