आपला तो बाब्या

‘हुर्यो’ हा शब्द कोणी कुणाला वर्गात शिकवीत नाही. तो शाळेच्या पटांगणावर आपोआप येतो. लंगडीत एखाद्याचा पाय टेकला, धावताना एखादा तोंडघशी पडला, की पोरांच्या घशातून तो निघतो. पुढे ही पोरे मोठी होतात, बँकेत लागतात, सासरेबुवा होतात. पण हुर्यो घशात शिल्लक राहतो आणि संधीची वाट पाहत असतो. ही संधी क्रिकेटच्या मैदानाइतक्या उदारपणे दुसरे कुणी देत नाही. तिकिटाचे पैसे मोजलेले असतात, भोवती हजारो माणसे असतात, आणि ओरडले कोण हे पलीकडच्या रांगेलाही कळत नाही. सभ्यपणाला दिवसभराची रजा द्यायला माणसाला आणखी काय हवे?

संपादकांनी ‘खेळकर लिहा’ म्हटले आहे. मी ‘खेळावर’ लिहितो. एका अक्षराचे अंतर आहे, तेवढे ते चालवून घेतील. विषय असा की, एखाद्या खेळाडूच्या हातून घरी-दारी काही काळे घडले, त्याची शिक्षाही त्याने भोगली, आणि मग तो परमुलखात खेळायला गेला, तर तिथे त्याचे स्वागत कसे होते?

उदाहरण स्टीव्ह स्मिथचे घेऊ. २०१८ च्या मार्चमध्ये केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया यांची कसोटी चालू होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे २४ तारखेला, कॅमेऱ्याने कॅमेरॉन बँक्रॉफ्ट या ऑस्ट्रेलियाच्या तरुण खेळाडूला अचूक पकडले. तो चेंडूवर काहीतरी घाशीत होता, आणि आपल्यावर नजर आहे हे कळताच ती वस्तू विजारीत दडवीत होता. आधी त्याने ती चिकटपट्टी असल्याचे सांगितले. पुढे निघाला तो पॉलिश पेपर, सुतार लाकूड घासायला वापरतो तो खरखरीत कागद. चेंडूची एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत राहिली, की जुना चेंडूसुद्धा हवेत असा वळतो की भल्याभल्या फलंदाजांची भंबेरी उडावी. चौकशीअंती ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने ठरवले ते असे : डोके उपकप्तान डेव्हिड वॉर्नरचे, हात बँक्रॉफ्टचा, आणि ठाऊक असून थांबवले नाही हा दोष कप्तान स्मिथचा.

आता शिक्षेचे माप पाहा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने स्मिथला एका कसोटीपुरते बाहेर बसवले आणि त्या सामन्याचे मानधन कापले. जगाच्या लेखी अपराधाची किंमत एवढीच होती. घरच्यांनी मात्र स्मिथ आणि वॉर्नर यांना वर्षभर आणि बँक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवले. वॉर्नरने पुन्हा कधी ऑस्ट्रेलियाचे नेतृत्व करू नये असेही ठरवले. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडावे लागले. देशाचे पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी जाहीर नापसंती दाखवली. परतल्यावर सिडनीच्या विमानतळावर स्मिथ वार्ताहरांपुढे उभा राहिला आणि ढसाढसा रडला. मागे त्याचे वडील उभे होते. ते काही बोलले नाहीत. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.

मला त्या दिवसातले हेच दृश्य सर्वांत बोलके वाटते. घरचा राग असा असतो. तो कडक असतो, त्याला लाज वाटलेली असते, झोप लागलेली नसते. पण त्याचा एक हात खांद्यावर असतो. आपला माणूस चुकला की आपल्याला दुःख होते. परक्याचा माणूस चुकला की आपल्याला विषय मिळतो.

वर्षाची शिक्षा २०१९ च्या मार्चअखेर संपली आणि दोन महिन्यांत हे खेळाडू विश्वचषकासाठी इंग्लंडात उतरले. साउथॅम्प्टनच्या सरावाच्या सामन्यात स्मिथने ११६ धावा काढल्या आणि प्रेक्षकांनी त्याचा हुर्यो उडवला. केपटाऊनला फसवणूक झाली होती ती दक्षिण आफ्रिकेची. इंग्लंडचे तिथे काहीच गेले नव्हते. पण ज्याचे काही गेलेले नसते त्याचा आवाज नेहमी मोठा असतो, हे चाळीतली भांडणे पाहिलेल्या वाचकांना मी काय सांगावे!

इथवर आपण लांबून गंमत पाहत होतो. ९ जूनला मात्र ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचा सामना आपल्याशी होता. प्रेक्षकांत भारतीयांची गर्दी. त्यांत मराठी माणसे नसतील असे मला तरी म्हणवत नाही. शिखर धवनने शतक ठोकले होते, धावांचा डोंगर उभा राहत होता, सगळे मनासारखे चालले होते. स्मिथ सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षणाला आला आणि आपल्या काही मंडळींनी ‘चीटर, चीटर’ असा गजर सुरू केला. तेव्हा विराट कोहली फलंदाजी करीत होता. तो थांबला, त्या बाजूकडे वळला आणि त्याने हातांनी खूण केली : हे काय, टाळ्या वाजवा! स्मिथने पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला. सामना आपण ३६ धावांनी जिंकला. सामन्यानंतर कोहलीने प्रेक्षकांच्या वतीने माफी मागितली; जे झाले ते होऊन गेले, माणूस परत आला आहे, त्याच्या जागी मी असतो तर मलाही हे आवडले नसते, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. या खिलाडू वृत्तीबद्दल आंतरराष्ट्रीय मंडळाने पुढे त्याचा गौरवही केला. एरवी कोहली हा काही शांतिपाठ म्हणत मैदानात उतरणारा गृहस्थ नव्हे. म्हणूनच त्याच्या त्या खुणेला वजन आले.

विश्वचषक संपला आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅशेस मालिका सुरू झाली. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर लोक पॉलिश पेपरचे तुकडेच घेऊन आले होते. ऑस्ट्रेलियाचा गडी बाद झाला की ते हवेत फडकत. सीमारेषेवर उभ्या असलेल्या वॉर्नरने एकदा आपले दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, ‘बघा, काही नाही!’ लोकही हसले. थट्टेला थट्टेने दिलेले उत्तर नेहमी पचते.

स्मिथने उत्तर दिले ते बॅटीने. पहिल्या डावात आठ बाद १२२ अशी दुर्दशा असताना त्याने १४४ काढल्या, दुसऱ्या डावात १४२. लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू त्याच्या मानेवर आदळला आणि तो जमिनीवर कोसळला. थोड्या वेळाने तो पुन्हा खेळायला आला, तेव्हाही काहींनी हुर्यो उडवलाच. त्या दुखापतीने त्याची एक कसोटी हुकली. मग मँचेस्टरला २११. सात डावांत ७७४ धावा! सप्टेंबरात ओव्हलवर तो शेवटचा बाद होऊन परतू लागला, तेव्हा तेच इंग्रज प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते.

गोष्ट इथे संपवली तर ती गोड होते. पण मास्तरकीच्या सवयीने मला एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ऑगस्ट ते सप्टेंबर या सहा आठवड्यांत स्मिथचा पश्चात्ताप वाढला होता काय? मुळीच नाही. वाढल्या होत्या त्या धावा. वॉर्नरने त्याच मालिकेत दहा डावांत ९५ धावा केल्या, सात वेळा तो स्टुअर्ट ब्रॉडच्या हाती सापडला, आणि त्याच्यासाठी असे उभे राहण्याची पाळी कुणावर आली नाही. म्हणजे परमुलखात क्षमाही मिळते, पण ती कर्तबगारीच्या बदल्यात. सामान्य माणसाने ७७४ धावा कुठून आणायच्या?

दुसरी गंमत त्याहून मोठी. ज्या बँक्रॉफ्टच्या नावाने इंग्लंडात कागद फडकत होते, त्याच बँक्रॉफ्टला त्याच मोसमात इंग्लंडच्या डरहॅम काउंटीने आपला कप्तान नेमले होते! आपल्याकडेही तेच. २०१८ साली आयपीएलने वॉर्नरला दारातच अडवले. २०१९ साली तो आला, हैदराबादसाठी ६९२ धावा काढून स्पर्धेत पहिला ठरला, आणि हैदराबादकरांनी त्याला डोक्यावर घेतले. अपराध तोच, माणूस तोच; बदलला तो सदरा. आपल्या अंगणात आला तो बाब्या, कुंपणापलीकडे राहिला ते कार्टे.

इंग्रजांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि मराठी सदरलेखकाला तर ते वंशपरंपरेने येते. १९९४ साली लॉर्ड्सवर त्यांचाच कप्तान मायकेल आथर्टन खिशात माती बाळगून ती चेंडूवर लावताना दिसला. त्याला दोन हजार पौंड दंड झाला, पण कप्तानपद राहिले. २०१९ चा त्यांचा लाडका वीर बेन स्टोक्स हा ब्रिस्टलमधल्या रात्रीच्या एका मारामारीपायी वर्षभरापूर्वीच कोर्टात उभा होता. कोर्टाने त्याला निर्दोष सोडले हे खरे. पण तो लीड्सला नाबाद १३५ धावा करीत होता तेव्हा त्या रात्रीची आठवण कुणाला नको होती, हेही तितकेच खरे.

पण मुसळ काही एकट्या इंग्रजांच्याच डोळ्यात नसते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये पोर्ट एलिझाबेथला सामनाधिकारी माइक डेनेस यांनी आपल्या सहा खेळाडूंना शिक्षा सुनावली. सचिनवरचा ठपका पंचांना न सांगता चेंडू साफ केल्याचा होता. शिक्षा अन्यायाची होती असे मानायला जागा होती. पण आपण केले काय? डेनेस यांचे पुतळे जाळले, संसदेत गाजावाजा केला, आणि शेवटी पुढची कसोटी त्यांच्याविना खेळवली गेली, ती अधिकृत धरलीच गेली नाही. २००४ साली ब्रिस्बेनला राहुल द्रविडने खोकल्याच्या गोळीचा अंश चेंडूला लावला आणि त्याचे अर्धे मानधन कापले गेले. तेव्हा घराघरांतून एकच निवाडा झाला : ‘अहो, द्रविड तसा नाही हो! चुकून लागले असेल.’ असेलही. माझाही द्रविडवर विश्वास आहे. पण हा ‘असेल’ आपण स्मिथच्या वाट्याला कधी ठेवला होता काय?

सगळे अपराध एका मापाचे नसतात, हे मला मान्य आहे. पाकिस्तानच्या महंमद आमीरने २०१० साली लॉर्ड्सवर ठरवून नोबॉल टाकले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तो पैशांचा व्यवहार होता. त्यापायी पाच वर्षे बंदी आली, इंग्लंडच्या कोर्टाने कोठडी दिली. पण तीही त्याने भोगली. २०१६ च्या जानेवारीत तो न्यूझीलंडला परतून खेळत असताना वेलिंग्टनच्या मैदानावर ध्वनिक्षेपकातून गल्ल्याच्या यंत्राचा खणखणाट ऐकवण्यात आला. विनोद चलाख होता. तरी न्यूझीलंडच्या क्रिकेट मंडळाने त्याबद्दल माफी मागितली. मला त्या मंडळाचे कौतुक वाटते. पाहुण्याच्या जुन्या जखमेवर बोट ठेवणे ही यजमानाची शोभा नव्हे, एवढे त्यांना उमगले.

आता कुणी म्हणेल, ‘प्राध्यापकमहाशय, मग लबाडाला हार घालायचे काय?’ नाही. हार नको. चौकशी कडक व्हावी, शिक्षाही व्हावी, आणि लक्षातही ठेवावे. पण शिक्षेला मुदत असते ती काही उगाच नसते. वर्षाची शिक्षा दिली याचा अर्थ वर्षानंतर ती संपली. तिच्यापुढे आपण आपल्या घशाने जी वाढवतो ती कुठल्याही कायद्यात नसते, आणि तिला अपीलही नसते. परीक्षेत कॉपी करताना सापडून वर्षभर घरी बसलेला मुलगा पुन्हा वर्गात येतो, तेव्हा कोपऱ्यातला बाक धरून बसतो. त्याच्याकडे पाहून वर्गात खसखस पिकते. पिकवणारी मुले सगळीच कॉपी न करणारी असतात असे नाही. पुष्कळशी न सापडलेली असतात. त्या मुलाला बाकावर टिकवतो तो एखादाच, जो काही न बोलता त्याला आपली वही पुढे सरकवतो.

ओव्हलवर कोहलीने केले ते एवढेच. त्याने अपराध पुसला नाही, स्मिथची तरफदारी केली नाही. वही पुढे सरकवली.

या सुट्टीत टीव्हीपुढे चिवड्याची ताटली घेऊन आपण कुठला ना कुठला सामना पाहणारच. पडद्यावर एखादा परका, डागाळलेला खेळाडू येईल आणि मांडीवरचा नातू विचारील, ‘आजोबा, याने काय केले होते?’ तेव्हा त्याने काय केले होते ते जरूर सांगावे. मात्र त्याने नंतर काय भोगले, तेही त्याच दमात सांगावे. हुर्यो त्याला पटांगणावर येईलच. तेवढा भाग घरी शिकवण्याची गरज नाही.